यादी लागेपर्यंत



परीक्षेवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं, निकालावर त्याहून जास्त. पेपरफुटी, गुणांची खैरात, क्लासवाल्यांच्या पानपानभर जाहिराती, टॉपरच्या तोंडात पेढा भरवणारी आई, हे सगळं दर मे-जूनमध्ये ठरल्यासारखं होतं. पण शेवटचा पेपर देऊन पोर घरी येतं तिथपासून ते कॉलेजच्या बाकावर बसेपर्यंत तीन, चार, कधी पाच महिने जातात. त्या महिन्यांवर कुणी परिसंवाद भरवत नाही. राष्ट्रीय पातळीवर आत्महत्यांची जी कारणवार आकडेवारी दरवर्षी छापली जाते, तिच्यात ‘परीक्षेतील अपयश’ असा रकाना आहे. वाट पाहण्याचा रकाना नाही, आणि तो असेल कसा? वाट पाहताना नोंद करण्यासारखं काही घडतच नाही.

आजचा विषय हा न घडण्याचा काळ आहे. म्हणणं थोडक्यात असं, की प्रवेशाची वाट पाहायला लागणं हा निसर्गक्रम नाही. ही वाट कार्यालयांमधून तयार होते, ती लांबते त्याचीही कारणं सांगता येतात, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. पैसेवाल्याची वाट लवकर संपते.

जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी तालुक्याच्या गावातल्या महा-ई-सेवा केंद्रात जाऊन बसावं. बाहेर पावसाची रिपरिप आणि चपलांचा ढीग, आत दोन संगणक आणि मधूनच कागद अडकवणारा एक प्रिंटर. अभियांत्रिकीच्या कॅप राऊंडचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायची मुदत उद्या संपते. मुलीच्या हातात वहीचं पान आहे. त्यावर कॉलेजांचे कोड उतरवलेत आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने गेल्या वर्षीचा कटऑफ लिहिलाय. बाप शेतातून थेट आलाय, कारण ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो. केंद्रचालक विचारतो, ‘सीओईपी टाकायचं का वर?’ ‘टाका, टाकायला काय जातंय!’ मग सांगलीचं वालचंद, मग कराड, मग अवसरी. इथवर सगळं सुरळीत. खरा घोळ पुढे आहे: सरकारी कॉलेजातलं सिव्हिल वर घ्यायचं की जवळच्या खासगी कॉलेजातलं कॉम्प्युटर? पुण्यात नोकरीला असलेल्या मामाला फोन लागतो. मामा कॉम्प्युटर म्हणतो, बाप फी विचारतो. तेवढ्यात साइट लटकते. नऊ वाजता फॉर्म कन्फर्म होतो, प्रिंट निघते, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. यानंतर ॲलॉटमेंट लागेपर्यंत या घरातल्या कुणालाही करण्यासारखं काही उरत नाही.

काही करता न येणं हीच यातली मेख. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आर्ची डी बर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला बसवलं. पडद्यावर दगड दिसायचे, खाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, अगदी खरा, दुखणारा. खेळताना प्रत्येकाचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजत राहिले. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना माणसं जेवढी ताणात होती, त्याहून तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना जास्त ताणात होती. याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा सांगितला जात नाही. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका चढउतार करत होता, ते साप ओळखण्यात अधिक तरबेज निघाले. म्हणजे समोर निवड करायची असते तेव्हा हा ताण कामाला येतो. फॉर्म कन्फर्म झाल्यावर निवडायला काही उरत नाही. ताण तेवढा राहतो.

कॅलिफोर्नियात वकिलीची सनद देणारी परीक्षा जुलैच्या अखेरीस होते आणि निकाल नोव्हेंबरात लागतो. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या केट स्वीनी यांनी या चार महिन्यांत २३० कायदा-पदवीधरांचा पाठपुरावा केला. माणसं वाट पाहताना काय काय करतात? आशा धरतात, वाईटाची तयारी ठेवतात, नापास झालो तरी त्यात बरं काय ते शोधतात, विषय टाळतात. यातल्या कशानेही त्यांची घालमेल फारशी कमी झाली नाही. चिंता सुरुवातीला आणि अगदी शेवटी चढलेली, मधल्या काळात थोडी ओसरलेली. आणि गंमत पुढे आहे. ज्यांनी हे महिने तळमळत काढले, त्यांनी वाईट निकाल अधिक बऱ्या रीतीने पचवला आणि चांगल्या निकालाचा आनंदही त्यांना जास्त झाला. जे निवांत राहिले त्यांना अपयश अंगावर कोसळल्यासारखं लागलं.

आपल्या घरांत टेन्शन न घेणारं पोर शहाणं मानतात. ‘तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस’ हे वाक्य आत्या, काका आणि समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांकडे तयार असतं. त्या वाक्याने आजवर कुणाचं टेन्शन गेल्याचं ऐकिवात नाही. स्वीनी यांच्या नंतरच्या कामात एक गोष्ट मात्र थोडीफार उपयोगी दिसली: माणूस ज्यात बुडून जातो, ज्यात क्रमाक्रमाने हात बसत जातो, असं एखादं काम. जूनमध्ये मुलाला एमएस-सीआयटीला किंवा ड्रायव्हिंग क्लासला घालणारी आई हे संशोधन न वाचता बरोबर तेच करत असते. ‘रिकामं बसण्यापेक्षा’ हा तिचा सिद्धांत. तेवढ्या बाबतीत तिचं ऐकावं.

पण कॅलिफोर्नियातल्या त्या वकिलांना निकाल कधी लागणार ते ठाऊक होतं. आपल्याकडे यादीसारखीच तारखेचीही वाट पाहावी लागते.

२०२४ ची नीट आठवा. ५ मे रोजी २३ लाखांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली. निकाल १४ जूनला अपेक्षित होता, तो ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना लागला. ७२० पैकी ७२० मिळवणारी ६७ मुलं निघाली. मग १,५६३ जणांना वेळ वाया गेल्याबद्दल दिलेल्या वाढीव गुणांचा वाद आला, ते गुण रद्द झाले, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. दरम्यान पाटण्यापासून गोध्रापर्यंत पेपरफुटीचा तपास चालू होता आणि त्याचा एक धागा लातूरलाही पोचला, जिथे नीटच्या तयारीवर गावाचं अर्धं अर्थकारण उभं आहे. संपूर्ण परीक्षा रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो २३ जुलैला. सुधारित निकाल २६ जुलैला आला, पैकीच्या पैकीवाले १७ उरले, आणि प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टात सुरू झाल्या. ४ जून ते २३ जुलै या सात आठवड्यांत चांगले गुण मिळालेल्या मुलाने काय करायचं होतं? परीक्षा रद्द झाली तर पुन्हा बसावं लागणार, म्हणजे पुस्तकं उघडी हवीत. रद्द झाली नाही तर तो अभ्यास फुकट. एनसीईआरटीचं जीवशास्त्र रद्दीत घालावं की उशाशी ठेवावं, एवढासा प्रश्न, पण त्याचं उत्तर दिल्लीतल्या सुनावणीवर अवलंबून.

अकरावीची मुलं तर अजून लहान. २०२० साली, करोनाच्या पहिल्या वर्षी, दहावीचा निकाल जुलैच्या अखेरीस लागला. मोठ्या शहरांतली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया चालू झाली, पहिली यादी लागली. ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. दुसरी यादी दुसऱ्या दिवशी लागायची होती, ती थांबली. थांबली ती दोन महिन्यांहून अधिक काळ. नोव्हेंबरच्या २४ तारखेला शासनाने पुढे जायचा निर्णय घेतला आणि डिसेंबर उजाडला तेव्हा मुलं अकरावीच्या दारात होती. आरक्षण असावं की नसावं यावर या सभागृहातही दोन मतं असतील. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी त्या वादाची वाट घरात बंद होऊन पाहिली, याबद्दल मात्र दोन मतं असायचं कारण नाही. त्यांना कुणी पत्र लिहिलं नाही, काय चाललंय ते त्यांच्या भाषेत समजावलं नाही. संकेतस्थळावर एक सूचना होती.

मुंबईतल्या पालकांना हे नवं नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. २००८ चं पर्सेंटाइल सूत्र, २००९ चा नव्वद-दहा कोटा, २०१० चं बेस्ट फाइव्ह, २०२१ ची अकरावीची सीईटी: यातलं प्रत्येक प्रकरण प्रवेशाच्या तोंडावर उच्च न्यायालयात गेलं आणि बेस्ट फाइव्ह तेवढं सर्वोच्च न्यायालयात तगलं. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाचं २०२१ मध्ये तेच झालं. आर्थिक दुर्बल घटकांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद चालू राहिला, फेऱ्या अडल्या, निवासी डॉक्टर संपावर गेले, आणि सप्टेंबरात परीक्षा दिलेल्यांच्या फेऱ्या पुढच्या जानेवारीत सुरू झाल्या. तोवर वॉर्डात डॉक्टरांची एक तुकडी कमी होती. २०१७ मध्ये तर मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं आणि पदवीचे निकाल इतके रखडले, की परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्यांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. मुलांचं गेलेलं सत्र परत आलं नाही.

प्रवेश लावण्याचं गणित फार अवघड असेल म्हणून वेळ लागतो, असं कुणाला वाटेल. तसं नाही. हे गणित १९६२ साली सुटलं आहे. येल विद्यापीठाच्या प्रवेशांतल्या अडचणींवर सप्टेंबर १९६०च्या एका ‘न्यूयॉर्कर’मध्ये लेख आला होता. तो वाचून डेव्हिड गेल विचारात पडले आणि लॉइड शॅप्लींच्या साथीने त्यांनी काही पानांचा निबंध लिहिला. पद्धत अशी: प्रत्येक मूल आपल्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजकडे अर्ज करतं, कॉलेज जागा असतील तेवढी वरची मुलं तात्पुरती धरून ठेवतं आणि बाकीची सोडतं, सोडलेली मुलं पुढच्या पसंतीकडे जातात, तिथे ती सरस ठरली तर आधी धरलेल्याला जागा सोडावी लागते. कुणी हलायचं उरत नाही तेव्हा थांबायचं. यात मुलाने पसंतीक्रम मनापासून भरण्यातच त्याचा फायदा असतो, लबाडी करून काही मिळत नाही. शॅप्लींना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह नोबेल मिळालं. संगणकाला हे काम थोड्या वेळाचं आहे.

मग महिने कुठे जातात? फेऱ्यांमध्ये. एकच मूल जेईईतून आयआयटी-एनआयटीच्या रांगेत असतं, सीईटीतून राज्याच्या रांगेत असतं, नीटमधून वैद्यकीयच्या रांगेत असतं, शिवाय एखाद्या अभिमत विद्यापीठात पैसे भरून बसलेलं असतं. या रांगांचा एकमेकींशी संबंध नाही. चाळीत कोपऱ्यावरचं बिऱ्हाड हललं की मधल्या खोलीतले तिकडे जातात, त्यांच्या जागी जिन्याजवळचे येतात आणि शेवटी तळमजल्यावरच्या कुणाला तरी वर यायला मिळतं, तसं इथे होतं. फरक एवढाच की कोपऱ्यावरचे हलले हे तळमजल्यावर ऑक्टोबरात कळतं. आयआयटी आणि एनआयटी यांच्या जागा २०१५ पासून ‘जोसा’ ही संयुक्त यंत्रणा एकत्र वाटते, त्याने त्या दोघांपुरती गाठ सुटली. राज्यांच्या रांगा आणि अभिमत विद्यापीठांच्या रांगा अजून सुट्याच आहेत.

त्यात भर म्हणजे जागांचा आकडाच पक्का नसतो. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. मागणी आहे त्या शाखेत, म्हणजे कॉम्प्युटर आणि तिच्या भावंडांत, जागा वाढत गेल्या. मग पेन्सिलीने लिहिलेला गेल्या वर्षीचा कटऑफ कशाचा दाखला देणार? आणि परीक्षाही एकदाच होईल असं नाही. २०२५ मध्ये राज्याच्या सीईटीच्या २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी फेरपरीक्षेची संधी द्यावी लागली. त्याच महिन्यात अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन करायचे ठरले आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं.

वेळापत्रक पाळायचं कसं, हे न्यायालयाने सांगून ठेवलं नाही असंही नाही. ठाण्याच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या मान्यतेचा वाद २०१२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पार्श्वनाथ ट्रस्टचा तो निकाल. त्यात न्यायालयाने तंत्रशिक्षणाचं वर्षाचं वेळापत्रकच घालून दिलं: १ ऑगस्टला सत्र सुरू, १५ ऑगस्टनंतर प्रवेश नाही. करोनानंतर तर या तारखा एआयसीटीईच्या दर वर्षीच्या नव्या कॅलेंडरमागे दिसेनाशा झाल्या.

आता वाट कोण पाहतं, त्याकडे येऊ. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी ज्यांना जागाच नव्हती अशा हजारो मुलांना जागा झाली, हे खरंच. देणगीविरोधी कायदा १९८७ मध्ये करावा लागला, हेही खरं. फ्री सीट, पेमेंट सीट, मग पै फाउंडेशनचा खटला, मग २००५ चा इनामदार खटला आणि २०१५ चा राज्याचा कायदा, अशी वळणं घेत आज आपण जिथे आहोत तिथे खासगी कॉलेजातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो एप्रिलमध्येच एखाद्या अभिमत विद्यापीठात लाखभर रुपये भरून जागा धरतो. पुढे कॅपमधून चांगलं मिळालं तर सोडतो. फी परत द्या असे आदेश यूजीसी काढत असते, काही पैसे परत येतात, काही बुडतात. बुडाले तर बुडाले. चार महिने शांत झोप मिळाली, त्याची ती किंमत.

ही सोय बाकीच्यांना नाही, आणि त्याचं कारण फक्त गरिबी नाही, नियमही आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या सवलती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी माफ करण्याचा जुलै २०२४ चा चांगला निर्णयही याच वाटेने जातो. म्हणजे ज्याला सवलत हवी त्याला शेवटच्या फेरीपर्यंत थांबणं भाग. राखीव गटातल्या मुलाच्या मागे आणखी एक प्रतीक्षा लागलेली असते, जातपडताळणी समितीची. प्रवेश मिळाला तरी व्हॅलिडिटी मुदतीत दाखल झाली नाही तर तो हातचा जाऊ शकतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, महसुली नोंद, चुलत्याची व्हॅलिडिटी, यांच्या झेरॉक्सची फाइल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी मारलेले हेलपाटे कुठल्याच पर्सेंटाइलमध्ये मोजले जात नाहीत.

२०२५ मध्ये अभियांत्रिकीच्या फेऱ्यांत एक बदल झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप गोठते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं की ऑटो फ्रीज. साखळी लवकर थांबावी हा हेतू, आणि तो वाईट नाही. मात्र गेल-शॅप्ली यांच्या पद्धतीतला निर्धास्तपणा इथे जातो. दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती मिळाली की बेटरमेंटचा रस्ता बंद, म्हणून वरच्या तीन खणांत काय भरायचं याची घालमेल वाढली. त्या घालमेलीवर जगणारा धंदाही लगेच उभा राहिला. फॉर्म भरून देण्याचे हजारो रुपये घेणारे ‘ॲडमिशन गायडन्स’वाले आता तालुक्यातही फ्लेक्स लावतात. त्यातले काही जाणकार आहेत. बरेचसे सरकारच्याच कटऑफच्या पीडीएफला रंग लावून विकतात.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर हॉटेलं आणि विमान कंपन्या होत्या. किती वेळ लागणार ते माहीत नसेल, कारण सांगितलं जात नसेल किंवा रांगेत मधेच कुणी घुसत असेल, तर वाट आहे त्याहून लांब वाटते, असं त्याचं निरीक्षण. यातलं पहिलं आणि दुसरं सुधारायला कायदा बदलावा लागत नाही. पहिल्या फेरीआधी जागांचा तक्ता गोठवता येतो. फेरी पुढे ढकलली तर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढ्यावर न थांबता कारण आणि नवी तारीख एकत्र देता येते. रेल्वेच्या वेटिंग तिकिटावर आपला नंबर कळतो. पसंतीच्या कॉलेजात आपण कितव्या क्रमांकावर ताटकळतोय हेही मुलाला दाखवता येईल, विदा प्रवेशकक्षाकडे असतेच. फ्रान्सने २०१८ मध्ये ‘पार्कुरस्युप’ ही प्रवेशप्रणाली आणली तेव्हा पहिल्याच दिवशी निम्म्याच्या आसपास मुलं अधांतरी राहिली आणि बराच ओरडा झाला, पण प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक तिथे प्रत्येकाला दिसत होता. फ्रेंच मुलं त्यावरही वैतागली. निदान त्यांना कशावर वैतागायचं ते ठाऊक होतं.

शेवटच्या फेरीत जागा मिळालेलं मूल कॉलेजात पोचतं तेव्हा इंडक्शन आटोपलेलं असतं, होस्टेलची यादी भरलेली असते, आणि गावापासून शंभर किलोमीटरवर डिपॉझिट मागणारी कॉट बेसिसवरची खोली शोधत पहिला आठवडा जातो. एम-वनचे, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताचे, सुरुवातीचे धडे शिकवून झालेले असतात. सत्र परीक्षेचं वेळापत्रक सगळ्यांना एकच. या मुलांना पहिल्या सत्रात केटी किती लागतात आणि पहिल्या फेरीत आलेल्यांना किती, हे मोजणं अवघड नाही. कुणी कुठल्या फेरीत प्रवेश घेतला ती यादी प्रवेशकक्षाकडे आहे, सत्राचा निकाल विद्यापीठाकडे आहे. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरवायला बसण्याआधी या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवाव्यात आणि जो आकडा येईल तो प्रवेशाच्या संकेतस्थळावर, कटऑफच्या बाजूला, जाहीर करावा.